आडमुलखाचा सहावा भाग

१

उन्हाळ्यातल्या दुपारी आमच्या गावात दोनच कामं चालायची. पुरुष झोपायचे आणि बायका शेंगा फोडायच्या. बियाण्याची शेंग यंत्रात घालत नाहीत, दाण्याची साल गेली की तो उगवत नाही. त्यामुळे चैत्र लागला की मामाच्या सोप्यात भुईमुगाची पोती रिकामी व्हायची आणि त्या ढिगाभोवती मामी, शेजारची रंगुबाई आणि माणदेशातून येऊन गावात राहिलेली म्हातारी हरणाबाई फतकल मारून बसायच्या. मी मधोमध, हातात पुस्तक घेऊन. मी मॅट्रिक झाले होते म्हणून मला शेंगांतून सूट होती, असं मी सांगायचे. मामी सांगायची, ही शेंगा फोडत नाही, कूट करते.

दुष्काळ सरल्यानंतरचा तो पहिला धड उन्हाळा. आम्ही वामन तारळेकरांची ‘आडमुलूख’ वाचत होतो. आज हे नाव कुणाला ठाऊक नाही आणि त्याचा मला राग येतो. मोजणीखात्यातला एक माणूस नकाशात नसलेल्या मुलखात शिरतो आणि परतीची वाट शोधत राहतो, एवढीच कथा, पण ती पाच जाड भागांना पुरून उरलेली. भुतं नाहीत, किंकाळ्या नाहीत. एखाद्या गावात रहाट वाजत असायचा, मोजणीदार पाणी प्यायला वळायचा आणि पुढच्या ओळीत रहाट तोच असायचा, गाव मात्र दुसरं. हा सांधा नेमका कुठं बसवलाय, ते मी ओळींवर बोट ठेवून शोधायचे. कधी सापडला नाही. रंगुबाईच्या हातातली शेंग तशीच राहायची. “आगं बया,” एवढंच ती म्हणायची आणि मला वाटायचं, आयुष्यात काही करायचं तर हे.

पहिल्याच दिवशी हरणाबाईनं हरकत घेतली होती. “दिवसाउजेडी गोष्ट कशी सांगता गं? मामा वाट चुकतोय.”

लहानपणी आम्हा सगळ्यांना हेच सांगून गप्प केलेलं. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. मामीनं निकाल दिला, “ही गोष्ट न्हवं, वाचन हाय. पोथी न्हाई का दुपारी वाचत?” हरणाबाईला ते पटलं. मात्र तिनं वाचनाला कधी हुंकार दिला नाही. हुंकार तोंडानं सांगितलेल्या गोष्टीला द्यायचा असतो, कागदाला नाही, असं तिचं म्हणणं होतं.

२

मला आईबाप आठवत नाहीत. मामानं वाढवलं. नाथाजीमामा पलटणीतून हवालदार होऊन आला होता. त्याला मूलबाळ नव्हतं आणि माझ्यावर त्याचा इतका जीव होता की मामी कधीकधी चिडायची. साताऱ्याला पेन्शन आणायला गेला की तो वाचनालयातून पुढचा भाग घेऊन यायचा. सहावा मात्र मिळेना. कुणीतरी नेला होता आणि परत करायचं नाव काढत नव्हता.

“असल्या माणसाला पंधरा दिवस पॅक ड्रिल द्याया पायजे, पाठीवर वजन देऊन पळवाया पायजे,” मामा म्हणाला.

पाचव्या भागाच्या शेवटी मोजणीदार एका माळावर उभा होता. बायका हवालदिल झाल्या. शेंगा फोडताना बोलायला काही नाही म्हणून एकमेकींच्या सुनांवर घसरल्या. दोन-तीन दुपारी मी ते ऐकलं. मग एका दुपारी मी पाचवाच भाग परत उघडला, त्यावर वर्तमानपत्राचं नवं कव्हर घातलं, सहावा मिळाला म्हणून सांगितलं आणि वाचायला लागले.

आधी काही ठरवलेलं नव्हतं. तोंड उघडलं आणि माळाच्या उतारावर चुन्याची भट्टी दिसली. भट्टी विझून गेलेली, पण भोवतालची माती पांढरीफटक. भट्टीच्या पलीकडं एकच घर, त्याचं दार पिवळं. मी कोऱ्या नजरेनं छापील ओळींकडं बघत होते आणि बोलत होते. तारळेकरांचा श्वास कुठं थांबतो, ते वाक्य कुठं तोडतात, हे पाच भाग मोठ्यानं वाचून माझ्या अंगात भिनलं होतं. त्यांच्याच चपला घालून मी चालत होते, पण वाट माझी होती. तो आनंद मला नंतर पुष्कळ पुस्तकं लिहूनही तसा मिळाला नाही.

“आगं बया,” रंगुबाई म्हणाली.

दिवस संपताना मी मोजणीदाराला पिवळ्या दाराच्या ओसरीवर निजवलं. तारळेकरांचा तसा शिरस्ता होता. प्रकरण संपताना ते त्याला कधी वाटेवर उभा ठेवायचे नाहीत, कुठंतरी टेकवायचे. मीही पुढं तो शिरस्ता पाळला.

मामा रोज दुपारी काठी घेऊन कोरेगावला चालत जायचा. रेल्वेच्या फाटकापाशी चहा, पेपर, दोन-चार पेन्शनरांशी गप्पा आणि दिवेलागणीला घरी. त्या दिवशी त्याला उशीर झाला.

“चुकलो,” तो म्हणाला आणि स्वतःच हसला. “फाटकाफुडं वळलो आन् भलतीकडंच गेलो की.”

“म्हातारं झालायसा,” मामी म्हणाली. तिनं त्याच्या धोतराचा काठ झटकला. तिच्या हाताला पांढरं लागलं.

३

मी त्याचा विचार केला नाही. आमच्याकडं उन्हाळ्यात वाटेवरून चाललं तरी माणूस फुफाट्यानं माखतो. त्यातला काही पांढरा असेल.

पण मग ते होतच राहिलं. मी वाचलं की मामा चुकायचा. शेंगांना सुट्टी असली, कुणाचं लग्न असलं, वाचन झालं नाही, की वेळेवर यायचा. एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि तो चुलीपाशी पाटावर बसला होता.

“मने, आपल्याकडं चुन्याची भट्टी कुटं हाय गं?”

“न्हाई कुटं. का?”

“हाय म्हन की. इझल्याली. आन् फुडं एक घर हाय. पिवळं दार.”

भाकरी तव्यावर करपली. मामी परसातून ओरडली. मी मनाला समजावलं की यात काही नाही. रंगुबाईच्या पोटात काही राहत नाही. दुपारी ऐकलेलं ती संध्याकाळी पाणवठ्यावर सगळ्यांना सांगते, तिथून ते पारावर जातं, पारावरून मामाच्या कानावर. उन्हातून चालताना माणसाचं डोकं तापतं आणि ऐकलेलं पाहिल्यासारखं वाटतं. मी दुसऱ्या दिवशी रंगुबाईला विचारलं. ती म्हणाली, “न्हाई बाई, म्या कुनाला सांगितलं न्हाई. मला भ्याव वाटतंय त्या घराचं.”

मामीनं मामाला मिरजेला नेऊन दाखवलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली आणि वयानं असं होतं म्हणून सांगितलं. मामीला बरं वाटलं. मलाही बरं वाटायला हवं होतं.

त्या दिवशी परत येताना गाडीत मामी पेंगत होती. मामा माझ्याशेजारी खिडकीत बसला होता. ऊस मागं पळत होता. तो माझ्याकडं न बघता हळू आवाजात म्हणाला, “मने, तिथं पानी न्हाई गं कुटंच. एखादी हीर तरी घाल.”

४

मी वाचन बंद केलं. डोकं दुखतं म्हणून सांगितलं. मामा रोज दिवेलागणीच्या आत घरी यायला लागला. मामीनं देवापुढं नारळ फोडला.

पण मामा उतरून गेला. रजा नामंजूर झालेला शिपाई जसा बराकीत बसतो, तसा तो सोप्यात बसायचा. चहा पुढं ठेवला तर निवून जायचा. मी जवळ गेले की माझ्या तोंडाकडं बघायचा. शेवटी एकदा मीच विचारलं, “मामा, तिथं भीती वाटत न्हाई का तुला?”

“भीती?” तो म्हणाला. “मी लडाक बघितला, नेफा बघितला. असला मुलूख कुटं बघितला न्हाई. सांजच्याला त्या माळावर उजेड पडतो नव्हं, तसा उजेड मी जन्मात बघितल्याला न्हाई. कुनी केला आसंल तर लय मोट्या मनाच्या मानसानं केला आसंल.”

नंतर माझ्या पुस्तकांवर चांगलं बोलणारी माणसं मला भेटली, त्यातली काही विद्वान होती. पण असं कुणी बोललं नाही. त्या उजेडाचं वाक्य मी एका दुपारी सहज बोलून गेले होते, बायकांच्या ते लक्षातही राहिलं नव्हतं.

वर आणि बायकांचा लकडा चालूच होता. मामी स्वतः म्हणाली, “वाच की गं आता. तुजं डोस्कं का जलमभर दुकनार हाय?” दुसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडलं. सुरुवातीलाच विहीर घातली. बांधीव, पायऱ्यांची, गोड्या पाण्याची. कडेला उंबर लावला.

संध्याकाळी मामा आला तो तोंड धुतल्यासारखा ताजा. मला बघून त्यानं नुसती मान हलवली. धोतर गुडघ्यापर्यंत पांढरं झालं होतं. मी ते धुऊन मामीच्या नजरेआड वाळत टाकलं.

मी घाबरले होते, हे खरं. पण मी रोज संध्याकाळी मोजणीदाराला नीट निजवत होते आणि मामा रोज परत येत होता. काळजी घेतली की झालं, असं मी धरून चालले.

५

त्या दुपारी मी मोजणीदाराला एका घळीत घातलं होतं. दोन्ही बाजूंना कातळ, पाय ठेवायला जेमतेम जागा, खाली दिसेना आणि वर दिसेना. चांगलं जमलं होतं. हरणाबाईचे हातसुद्धा थांबले होते. तेवढ्यात रंगुबाईचा दीर आप्पासो दारात आला. तो एसटीत कंडक्टर होता.

“नाथाजीभाऊ हाईत का? साताऱ्याच्या वाचनालयातनं दिलंय. म्हनले, तुमचं पुस्तक परत आलं.”

त्यानं सोप्यात ठेवलं ते पुस्तक मला लांबूनच ओळखू आलं. तोच निळा पुठ्ठा, तीच अक्षरं. आडमुलूख, भाग सहावा.

रंगुबाई वाचणारी नव्हती, पण तिला पुठ्ठ्याचा रंग कळत होता. “मग ह्ये हातात हाय ते कुठलं गं?”

“तेच,” मी म्हणाले. “ही चांगली प्रत आहे.” आणि झटकन नवं पुस्तक उचललं, पहिलं पान उघडलं आणि वाचायला लागले.

मला दुसरं काही सुचलं नाही, एवढंच कारण नव्हतं. मला ते वाचायचंच होतं. किती दिवस मी त्याची वाट बघत होते! पहिल्याच परिच्छेदात तारळेकरांनी मोजणीदाराला माळावरून असं अलगद उचललं की मी सगळं विसरले. भट्टी नव्हती, पिवळं दार नव्हतं, विहीर नव्हती. माझं सगळं त्यांच्यापुढं पोरखेळ होतं. मी वाचत गेले आणि बायका ऐकत गेल्या. आधी ऐकलेलं आणि हे जुळत नाही, असं एकीदोघींनी म्हणून पाहिलं, पण तेवढ्यापुरतंच. गोठ्याकडं गुरं परतली, अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं, भिंतीवरून गेलं.

“ह्ये आजून कसं आलं न्हाईत?” मामी म्हणाली.

मी थांबले.

मामी उठून दारापर्यंत गेली, गल्लीच्या टोकापर्यंत बघून आली. हरणाबाईनं मांडीवरची टरफलं झटकली आणि माझ्याकडं बघितलं. ती म्हातारी कधी मोठ्यानं बोलायची नाही.

“मने, ह्या आधी काय वाचत हुतीस?”

“वाचत नव्हते,” मी म्हणाले. “सांगत होते.”

“तोंडानं?”

“व्हय.”

“दिवसा?”

मामी दारातून परत आली होती आणि तिनं ऐकलं होतं. तिच्या तोंडावर जे आलं ते मी आजही विसरू शकत नाही. ती मला शिव्या देईल असं वाटलं. ती एवढंच म्हणाली, “कुटं सोडलंस त्येंना?”

“घळीत.”

“मग आन की बाहीर,” मामी म्हणाली. “आन माज्या मानसाला.”

६

मी निळं पुस्तक मिटून कोनाड्यात ठेवलं. हातात काही घेतलं नाही. सोप्यात अंधारून आलं होतं, पण बाहेर अजून उजेड होता. दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही.

मी मोजणीदार म्हणायला गेले आणि तोंडातून ‘मामा’ निघालं.

“मामा घळीत उभा होता,” मी म्हणाले.

“हूं,” हरणाबाई म्हणाली. तिनं माझ्या गोष्टीला दिलेला तो पहिला हुंकार. मग रंगुबाईनंही दिला. मामी देत नव्हती. ती दाराकडं तोंड करून बसली होती.

मी त्याला घळीतून वर काढलं. उंबराखालून, विहिरीवरून, पिवळ्या दारापुढून आणलं. भट्टीपर्यंत आणलं. तिथं मी अडकले. भट्टीच्या अलीकडं माझं सगळं, आणि पलीकडं कोरेगावचं फाटक, ओढा, आमची गल्ली. मधला सांधा मला येत नव्हता. रोज तो कसा परत यायचा, कुठून यायचा, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी तारळेकरांना मनातल्या मनात हात जोडले. ते असते तर त्यांनी काय केलं असतं? आणि मला रहाट आठवला. ते नेहमी आवाजानं सांधतात.

“फोडा,” मी बायकांना म्हणाले. “शेंगा फोडा. मोठ्यानं.”

त्यांनी ओंजळीनं शेंगा घेतल्या. सोपा कटकट आवाजानं भरून गेला. मामीही फोडायला लागली, हातांनी, दातांनी.

“मामानं आवाज ऐकला,” मी म्हणाले. “त्यानं दोन्ही कान टवकारले. घरात शेंगा फोडतायत, त्याला कळलं. तो आवाजाच्या रोखानं चालायला लागला. भट्टी मागं पडली. फाटक आलं. फाटक उघडं होतं. ओढ्यातून तो वर चढला. काठी हातात होती. पाराला वळसा घातला. गल्लीत शिरला.”

गल्लीत काठीचा आवाज आला.

मी थांबले नाही. थांबले असते तर तो तिथंच राहिला असता, अशी माझी खात्री होती. मला पुढचं वाक्य मिळत गेलं तसं मी ते फेकत गेले, निवडायला वेळ नव्हता.

“तो दारात आला. वाकून आत आला. सगळ्यांकडं बघून हसला आणि पाटावर बसला.”

मामा वाकून आत आला. सगळ्यांकडं बघून हसला आणि पाटावर बसला.

७

मामीनं हंबरडा फोडला आणि लगेच पदरात दाबला. तिनं आधी पाण्याचा तांब्या पुढं केला, मग त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. रंगुबाई रडत होती आणि हसतही होती. “तारळेकराच्या वर झालं गं तुजं,” ती मला म्हणाली. “असली गोष्ट मी जलमात ऐकली न्हाई.” हरणाबाई काही बोलली नाही. तिनं कंदील पेटवला आणि मामाजवळ आणून ठेवला.

धोतर स्वच्छ होतं. काठाला कुठं पांढरं लागलेलं नव्हतं. मला बरं वाटलं. मग मी वर बघितलं.

बासष्ट साली बर्फात मामाचा डावा कान गोठला होता. पाळी आणि वरचा अर्धा भाग गळून गेला होता. गावातली पोरं त्याला मागून कानतुटक्या हवालदार म्हणायची. ते सगळ्यांच्या इतकं सवयीचं झालं होतं की घरात कुणी कधी बोलायचं नाही. मीही घाईत बोलले नव्हते. ‘दोन्ही कान टवकारले’, सगळे म्हणतात तसं म्हणून गेले होते.

कंदिलाच्या उजेडात मामाला दोन कान होते. दोन्ही धड, लहान मुलासारखे.

तांब्या त्याच्या पुढ्यात तसाच होता. त्यानं त्याला हात लावला नव्हता. तो अजून हसतच होता आणि त्याची नजर माझ्या तोंडावर होती.

“कुटं हुतासा?” मामी म्हणाली. “किती जीव घाबरा झाला माजा. बोला की.”

मामा बोलला नाही. माझ्याकडं बघत राहिला.

हरणाबाईनं माझा दंड घट्ट धरला. मला ओरडायचं होतं. पण मामीच्या चेहऱ्यावर असं सुख होतं की ते मोडायचं बळ माझ्यात नव्हतं, आणि दुसरं काय करायचं हे मला ठाऊकही नव्हतं. मी ओठ हलतील न हलतील असं पुटपुटले, “मामा म्हणाला, वाट चुकलो हुतो.”

“वाट चुकलो हुतो,” मामा म्हणाला.

“चुकू द्या,” मामी म्हणाली. “आला न्हवं घरला?” तिनं डोळे पुसले, उठली, चुलीकडं गेली आणि तिथूनच विचारलं, “भाकरी वाढू का? का आदी च्या घेता?”

मामानं मान वळवली आणि परत माझ्याकडं बघितलं.